दूरसंवेदन : दुरून पाहण्याचे शास्त्र

घरात मूल आजारी पडले की आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहते. हे झाले स्पर्शाने जाणणे. पण पुष्कळदा असे होते की, मूल शाळेतून येऊन नुसते दारात उभे राहते आणि आत स्वयंपाक करणारी आई तिथूनच विचारते, "काय रे, बरं वाटत नाही का?" तिने हात लावलेला नसतो, मुलाने तक्रार केलेली नसते. चेहऱ्याचा उतरलेला रंग आणि डोळ्यांतील हरवलेली तकाकी यांवरून तिने ते ओळखलेले असते. निरोगी चेहरा कसा दिसतो हे तिला रोजच्या पाहण्याने पाठ झालेले असते, म्हणून त्यातला बारीकसा फरकही तिला दुरून कळतो.

वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून वा उष्णतेवरून तिची अवस्था ओळखणे, यालाच शास्त्राच्या भाषेत दूरसंवेदन म्हणतात. काही जण सुदूर संवेदन असाही शब्द वापरतात. भूगोलाच्या अभ्यासक्रमात हा विषय आता पक्का रुजला आहे, परंतु दरवर्षी पहिल्याच तासाला कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतेच, "सर, आम्ही आर्ट्सची मुलं. हे उपग्रहांचं प्रकरण सायन्सवाल्यांचं!" या लेखाचे निमित्त तो प्रश्न आहे. दुसरे निमित्त माझ्या घरचे आहे. ते ओघाने येईल.

आरंभ प्रकाशापासून करू. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो. त्यातला काही भाग वस्तू शोषून घेतात, काही परत फेकतात. जो परत फेकला जातो तोच आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपल्याला वस्तू दिसते. झाडाचे पान हिरवे का? तर पानातले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश आपल्या कामासाठी शोषून घेते आणि हिरवा त्या मानाने अधिक परतवते. आपण पान म्हणून जे पाहतो ते पानाने नाकारलेले असते!

पण सूर्यप्रकाश तांबड्या रंगापाशी संपत नाही. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून प्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. तांबड्याच्या पलीकडचा हा अदृश्य प्रकाश म्हणजे अवरक्त किरण. मानवी डोळा प्रकाशाच्या अफाट पट्ट्यातला केवळ एक चिंचोळा तुकडा पाहतो. बाकीच्या बाबतीत आपण सारेच आंधळे आहोत. दूरसंवेदनाचे अर्धे रहस्य या आंधळेपणावर केलेल्या उपायात आहे.

अवरक्त प्रकाशात जग फार वेगळे दिसते. जे पान हिरव्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा परतवते, तेच निरोगी पान तांबड्यालगतच्या अवरक्त प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग परत फेकते. हे काम हरितद्रव्याचे नसून पानाच्या आतील पेशींच्या रचनेचे आहे. पाण्याचे वागणे नेमके उलटे. अवरक्त प्रकाश पाणी गिळूनच टाकते, म्हणून अशा छायाचित्रात पाणी काळेभोर दिसते. माती या दोहोंच्या मधली. कोरडी माती उजळ, तीच भिजली की काळवंडलेली.

प्रत्येक वस्तूची वेगवेगळ्या किरणांना प्रतिसाद देण्याची अशी एक ठराविक तऱ्हा असते. तिला वर्णपटीय स्वाक्षरी म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. बँकेतला कारकून जसा सहीवरून माणूस ओळखतो, तसा अभ्यासक या स्वाक्षरीवरून ऊस, बाभूळ, पाणी, खडक ओळखतो. आणि बँकेत जशी कधी कधी दोन सह्यांची गल्लत होते, तशी इथेही होते. माझी स्वतःची झाली. तेही पुढे सांगतो.

आपल्या देशात या विद्येची सुरुवात झाली ती रॉकेटने नव्हे, तर नारळाच्या झाडांपासून! केरळातील माडांना 'रूट विल्ट' नावाचा रोग लागत असे. झाड वर्षानुवर्षे निस्तेज होत जाई. १९७० मध्ये डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून, अवरक्त किरण टिपणारी रंगीत फिल्म वापरून त्या माडांची छायाचित्रे घेतली. निरोगी शेंडे आणि रोगट शेंडे त्या फिल्मवर निरनिराळ्या छटांत उमटले. हेच पिशारोटी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. भारतातील दूरसंवेदनाचे जनक म्हणून त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. आईने दारातूनच ओळखावे तसेच हे, फक्त दार जरा उंचावर होते.

उंचावरून पाहण्याची हौस माणसाला जुनीच आहे. फ्रान्समधील नादार नावाच्या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये बलूनमध्ये बसून पॅरिसजवळच्या भूभागाचे छायाचित्र घेतले. पुढे दोन महायुद्धांत विमानातून घेतलेल्या छायाचित्रांनी शत्रूच्या खंदकांचा ठाव लागू लागला. परंतु सबंध पृथ्वीकडे नियमाने, शांततेच्या कामासाठी पाहण्याचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले ते २३ जुलै १९७२ रोजी. त्या दिवशी अमेरिकेने जो उपग्रह सोडला तो पुढे लँडसॅट-१ म्हणून प्रसिद्ध झाला.

त्याची एक हकीगत सांगण्यासारखी आहे. त्यावर दोन उपकरणे होती. मानाचे पान होते ते दूरचित्रवाणीसारख्या कॅमेऱ्यांना. दुसरे उपकरण प्रयोग म्हणून सोबत दिलेले. व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंता बाईंच्या कल्पनेतून ते साकारले होते. एक आरसा सेकंदाला सुमारे तेरा वेळा डोलत राही आणि खालच्या जमिनीची पट्टी-पट्टी टिपून घेई. चार वेगवेगळ्या किरणपट्ट्यांत तो जमीन पाहत असे. त्यांतले दोन अवरक्त होते. हलता आरसा अवकाशात टिकेल की नाही याची अनेकांना शंका होती. प्रत्यक्षात मानाच्या कॅमेऱ्यांनी लवकरच मान टाकली आणि पाहुणा म्हणून आलेल्या आरशानेच सारे काम केले.

१९७२ म्हटले की आपल्याकडे मात्र उपग्रह आठवत नाही. बहात्तरचा दुष्काळ आठवतो. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्यांच्या डोक्यावरून, आकाशातून, कुणीतरी त्या करपलेल्या रानाचे चित्र घेत होते याची त्यांना कल्पनाही नव्हती.

भारताने ७ जून १९७९ रोजी 'भास्कर' हा प्रायोगिक उपग्रह सोव्हिएत रशियाच्या मदतीने पाठवला आणि १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर तळावरून आपला पहिला पूर्ण कार्यक्षम दूरसंवेदन उपग्रह आय. आर. एस.-१ए गेला. ९०४ किलोमीटर उंचीवरून तो फिरत असे आणि दर २२ दिवसांनी त्याच जागेवर परत येई. त्याच साली नागपुरात महाराष्ट्राचे स्वतःचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले.

असे उपग्रह सातशे ते नऊशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत फिरतात. एका फेरीला सुमारे शंभर मिनिटे लागतात. उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतो, खाली पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे वळत राहते, त्यामुळे प्रत्येक फेरीला नवी पट्टी त्याच्या नजरेखाली येते. रहाटावर दोरी गुंडाळावी तशी सारी पृथ्वी गुंडाळली जाते. त्याची कक्षा अशी बेतलेली असते की कोणत्याही गावावर तो दिवसा एका ठराविक वेळीच, बहुधा सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास यावा. रोज वेगवेगळ्या वेळी पाहिले तर सावल्या बदलतात आणि दोन चित्रांची तुलना करता येत नाही. हवामानाचे उपग्रह मात्र वेगळे. ते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीनेच फिरतात, म्हणून एका जागी खिळल्यासारखे वाटतात. त्यांना ढगांचा सारा देश दिसतो, पण शेत दिसत नाही.

आता 'शेत दिसणे' म्हणजे काय, हे पाहू. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर तो लहान लहान ठिपक्यांचा बनलेला दिसतो. उपग्रहाचे चित्रही असेच चौकोनी ठिपक्यांचे असते. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका ठिपक्यात जमिनीचा जेवढा तुकडा मावतो, तेवढी त्या चित्राची सूक्ष्मता. लँडसॅट-१ चा ठिपका सुमारे ८० मीटरांचा होता, म्हणजे दीड एकराहून मोठा. आय. आर. एस.-१ए वरील एका कॅमेऱ्याचा साडेबहात्तर मीटरांचा, दुसऱ्याचा सव्वाछत्तीस मीटरांचा. आज युरोपच्या सेंटिनेल-२ या जोडीचा ठिपका १० मीटरांचा आहे आणि ही जोडी दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहते. भारताच्या कार्टोसॅट मालिकेतील उपग्रहांना तर एक मीटरपेक्षाही लहान वस्तू दिसतात.

जमिनीवरील सूक्ष्मता हे एक माप झाले. दुसरे माप, किती किरणपट्ट्यांत पाहतो. तिसरे, किती दिवसांनी परत येतो. चौथे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती पायऱ्या त्याला ओळखता येतात. लँडसॅट-१ ला ६४ पायऱ्या ओळखू येत, २०१३ च्या लँडसॅट-८ ला ४,०९६. ही चारही मापे एकाच उपग्रहात कमाल मिळत नाहीत. बारीक पाहायचे तर पट्टी अरुंद होते, पट्टी अरुंद झाली की फेरी लांबते. संसारातल्या पैशांसारखे आहे. इकडे वाढवले की तिकडे काटकसर आली.

विद्यार्थ्यांना पहिल्यांदा चित्र दाखवले की हमखास एक चूक होते. आपल्याला अवरक्त दिसत नाही, म्हणून चित्र तयार करताना त्याला तांबडा रंग देतात, खऱ्या तांबड्याला हिरवा आणि हिरव्याला निळा देतात. याला छद्मरंगी चित्र म्हणतात. परिणामी ऊस, केळी, दाट जंगल लालभडक दिसते आणि उघडे रान निळसर करडे. मुलांना वाटते, जिथे लाल आहे तिथे आग लागली आहे, दुष्काळ आहे. प्रत्यक्षात लाल म्हणजे हिरवेगार.

नुसत्या रंगावर विसंबू नये म्हणून एक सोपे गणितही करतात. अवरक्त आणि तांबडा यांच्या प्रतिसादातील वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचे. भरदार पिकाचा अवरक्त प्रतिसाद ५० आणि तांबडा ५ असेल तर ४५ भागिले ५५, म्हणजे ०.८२. उघड्या मातीचे आकडे ३० आणि २२ असतील तर ८ भागिले ५२, म्हणजे ०.१५. या आकड्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. पीक सुकू लागले की आकडा उतरतो, आणि तो पुष्कळदा डोळ्यांना पिवळेपणा दिसण्याआधीच उतरू लागतो. पीकपाहणीत आणि दुष्काळाच्या मोजमापात हा निर्देशांक आता नित्याचा झाला आहे. आर्ट्सच्या मुलांना यापेक्षा अवघड गणित येते, एवढे मी खात्रीने सांगतो!

आता घरच्या निमित्ताकडे येतो.

आमचे जुने गाव भीमेच्या काठी, करमाळा तालुक्यात होते. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याआधीच, १९७७ साली, मी नऊ वर्षांचा असताना आम्ही गाव सोडले. घराचे वासे, दारे, चौकटी उतरवून गाडीत घातल्याचे मला आठवते. पुनर्वसनात जमीन मिळाली ती नदीपासून दूर, माळाची. मागे राहिलेल्या गावावर पाणी चढले. धरणाच्या जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईचे लोक भिगवणला येतात. आमच्या घरात मात्र त्या पाण्याला कुणी सागर म्हणत नाही. तात्या 'फुगवटा' म्हणतात.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा आणि सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. सोलापूर जिल्ह्यातील माणसाला 'धरण वजा गेलं' हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी काढू लागले की टक्केवारी उणे होते. उणे पन्नास टक्के म्हणजे मृतसाठ्यातून जवळजवळ २७ टीएमसी पाणी गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण त्याहूनही खाली गेले. पाणी एवढे ओसरले की पळसदेवचे पुरातन मंदिर पूर्ण उघडे पडले आणि ठिकठिकाणी जुन्या गावांचे अवशेष वर आले.

जलाशयाचा अभ्यास हा दूरसंवेदनाचा अतिशय उपयुक्त भाग आहे. नदीबरोबर दरवर्षी गाळ येतो आणि धरणाची साठवण घटत जाते. पूर्वी नाव घेऊन, जागोजागी दोर सोडून खोली मोजावी लागे. आता उपाय सोपा झाला आहे. धरण भरलेले असतानाचे एक चित्र घ्यावे, मग पातळी उतरत जाईल तशी आणखी काही. प्रत्येक चित्रात काळे ठिपके, म्हणजे पाण्याचे, मोजले की त्या दिवशीचे पाण्याचे क्षेत्रफळ मिळते. त्या दिवशीची पातळी धरणावर नोंदलेली असतेच. दोन पातळ्यांमधील अंतर आणि दोन क्षेत्रफळे हाती आली की मधल्या थराचे घनफळ काढता येते. असे सारे थर मिळवून मूळ मोजमापाशी ताडून पाहिले की मधल्या काळात किती गाळ बसला ते कळते. एक मर्यादा मात्र राहते. पाणी जितके खाली उतरते तिथपर्यंतचाच हिशोब लागतो. त्याच्या खालचे उपग्रहाला दिसत नाही. उजनी मृतसाठ्याच्याही खाली जाते म्हणून तिथे उपग्रहाला इतर धरणांपेक्षा अधिक खोलवर पाहता येते. टंचाई ही अभ्यासकाची सोय ठरावी, याचे वैषम्य वाटते.

वर्गात दाखवण्यासाठी मी २०२४ च्या एप्रिलअखेरचे सेंटिनेलचे चित्र उतरवून घेतले. हे चित्र फुकट मिळते. अमेरिकेने २००८ मध्ये लँडसॅटचा सारा जुना संग्रह विनामूल्य खुला केला आणि युरोपनेही तेच धोरण ठेवले, ही या विद्येतील फार मोठी घटना मानली पाहिजे. मी चित्र छापून घरी नेले आणि तात्यांपुढे ठेवले. तात्यांचे वय त्या वेळी ऐंशी. चष्मा पुसून त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्ये तांबडं तांबडं काय रं?"

"ऊस, तात्या. कालव्याच्या कडेचा."

"आन् आपलं आत्ताचं गाव?"

मी करड्या भागावर बोट ठेवले. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी लाल पट्ट्यावरून एकदा बोट फिरवले आणि मग म्हणाले, "आपलं जुनं घर दाव."

मी त्यांना ठिपक्याचा हिशोब सांगितला. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. आमचे जुने घर सहा खणांचे. ते बेताबेताने एका ठिपक्यात मावले असते. मी पेन्सिलीचे टोक टेकवून साधारण तो ठिपका दाखवला. तात्या वाकून पाहत राहिले. म्हणाले, "एवढ्यात आपण अकरा माणसं ऱ्हात होतो."

ठिपक्याची व्याख्या मी बरीच वर्षे शिकवतो आहे. त्या दिवशी ती मला नव्याने कळली.

चित्रात उघड्या पडलेल्या पात्रात काही लालसर तुकडे होते. ते गाळपेराचे. पाणी ओसरले की धरणग्रस्त शेतकरी त्या ओल्या गाळात पेरतात. मला उपग्रहावरून अंदाज करावा लागला. तात्यांना तो करावा लागला नाही. गावाच्या खालच्या अंगाला मात्र एक काळा डाग होता, पाच-सहा ठिपके लांब, तेवढाच रुंद. मी म्हटले, "इथे डोह शिल्लक आहे." अवरक्तात काळे म्हणजे पाणी, हे तर मी मुलांना पाठ करून घेतलेले. तात्यांनी मान हलवली. "तिथं डोह न्हाई. तिथं चढ हाय. पाणी थांबंल कसं?"

शास्त्रात ज्याला प्रत्यक्ष क्षेत्रपडताळणी म्हणतात ती करायचे ठरले. मे महिन्यात, सकाळच्या उन्हात, आम्ही बापलेक तिथे गेलो. गाळाला भेगा पडल्या होत्या. जोत्याचे दगड ओळीने दिसत होते. तात्या काठी टेकत, कुणालाही न विचारता वेशीतून आत शिरावे तसे चालत होते. वेस तिथे नव्हती. आणि मी दाखवलेल्या जागी डोह नव्हताच. कुणीतरी पेरणीसाठी वाळलेले लव्हाळे आणि गवत पेटवून जमीन मोकळी केली होती. जळलेली काळी राख होती.

चूक कुठे झाली? मी केवळ तीन किरणपट्टे पाहिले होते. जळलेले रान त्या अवरक्त पट्ट्यात पाण्यासारखेच काळे दिसते. पण त्याहून लांब लहरींच्या अवरक्त पट्ट्यात पाणी काळेच राहते आणि कोरडी जळकी जमीन उजळ दिसते. तो पट्टाही त्या चित्रासोबत उपलब्ध होता. घरी येऊन मी तो उघडला; डाग लख्ख उजळ होता. एका सहीवरून माणूस ओळखू नये, दुसरा नमुना मागवावा, हा बँकेतला नियम इथेही खरा आहे. आणि दोन्ही नमुने हाताशी नसतील तेव्हा ज्याला चढ कुठे होता हे ठाऊक आहे, अशा माणसाला विचारावे.

आपल्या प्रदेशापुरती आणखी एक अडचण आहे, ती ढगांची. ज्या महिन्यांत नद्यांना पूर येतात, दरडी कोसळतात, नेमक्या त्याच महिन्यांत आकाश झाकलेले असते आणि या साऱ्या कॅमेऱ्यांना ढगांच्या माथ्याखेरीज काही दिसत नाही. यावर उपाय रडारचा. रडारचा उपग्रह सूर्यावर अवलंबून नसतो. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो. या लहरी ढगांतून पार होतात, रात्रीही चालतात. त्या तिरक्या सोडलेल्या असतात. शांत पाणी आरशासारखे त्यांना पुढच्या पुढे परतवते, त्यामुळे पाणी काळे दिसते. खडबडीत जमीन आणि झाडे काही लहरी मागे फेकतात आणि उजळ दिसतात. भर पावसात पुराची सीमा आखता येते ती अशी. भारताचा रिसॅट-१ हा रडार उपग्रह २०१२ मध्ये गेला आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिका यांचा संयुक्त निसार उपग्रह सोडण्यात आला. तो दर १२ दिवसांनी तीच जमीन पाहतो. दोन वेळच्या लहरींची तुलना करून जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी ते ओळखणे हे त्याचे काम.

तारीख पाहून मला माळीण आठवले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील ते गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी. असे उतार सरकण्याआधी काही सूचना देतात का, ती आकाशातून वेळीच वाचता येईल का, या प्रश्नावर आता जगभर काम चालले आहे. प्रत्येक दरड आधी कळेल असे कुणी म्हणू नये. परंतु कोणत्या उतारांवर नजर ठेवली पाहिजे, एवढे जरी कळले तरी ते थोडे नाही.

विषय मोठा आहे आणि नियतकालिकाची पाने मोजकी. जंगलातील वणवे, समुद्राचे तापमान, शहरांचा विस्तार, यांपैकी कशालाच मी हात लावलेला नाही. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायला हवे. उपग्रह घडवणे आणि सोडणे हे विज्ञानाचे आणि अभियांत्रिकीचे काम खरेच. पण चित्र खाली आल्यावर ते वाचावे लागते, आणि वाचणाऱ्याला ऊस कुणाच्या रानात आहे, माळ कुणाच्या वाट्याला आला, कुठला ओढा पूर्वी वाहत होता, हे ठाऊक असावे लागते. भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनी ते वाचायचे नाही तर कुणी?

भूगोल विभागाच्या भिंतीवर उजनीचे ते चित्र लावले आहे. शेजारी आपल्या जिल्ह्याची आणखी काही चित्रे आहेत. ज्यांना आपले गाव शोधायचे असेल त्यांनी दुपारच्या सुटीत जरूर यावे. येताना एक तयारी करावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसून जुनी पाणंद, आटलेली विहीर, बुजलेला ओढा कुठे होता ते विचारून, एका कागदावर काढून आणावे. उजनीच्या चित्रावर त्या काळ्या डागाभोवती पेन्सिलीचे एक वर्तुळ दिसेल. ते तात्यांनी काढलेले आहे. ते पुसू नये.